क्लासिक फुटबॉल शर्ट्स, लंडन: जुन्या जर्सीचा नाद असेल तर जावंच, पण थोडं वाचून जा

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. पाचपैकी चार स्टार. एक स्टार किमतीमुळं कापला, आणि तोही जरा जीवावर येऊनच, कारण माल खरा आहे. ज्यांना फक्त रेटिंग बघायचंय त्यांनी इथून निघालं तरी चालेल, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

दुकान कुठं आहे तर पूर्व लंडनात, कमर्शियल स्ट्रीटवर, स्पिटलफील्ड्स मार्केटच्या जवळ. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला उतरलात की चालत जाता येतं. आपल्याकडचे बरेच जण कंपनीच्या कामानं नायतर मुलाकडं-मुलीकडं म्हणून लंडनला येतात, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाँ झालं की काय करायचं विचारतात, तर फुटबॉलवाल्यांनी अर्धा दिवस इकडं काढावा असं माझं म्हणणं आहे. आत गेल्यावर रॅकच्या रॅक भरून जर्सी, क्लबच्या वेगळ्या, देशांच्या वेगळ्या, आणि त्यातली प्रत्येक कधीतरी कुणाच्या तरी अंगावर होती नायतर कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पिशवीतच पडून होती. नवीन सीझनचा मालही असतो, तो मी बघत नाही, तो कुठंही मिळतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. म्हणजे फुटबॉल काय असतो हे मला इंग्लंडमध्ये येऊन कळलेलं नाही, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठेत काय वातावरण असतं ते ज्यानं बघितलंय त्याला प्रीमियर लीगचं फार कौतुक नसतं. पण एक गोष्ट मात्र इथं येऊन कळली, की ही माणसं जुनं टाकत नाहीत. आमच्याकडं सीझन संपला की जर्सी धाकट्या भावाकडं, तिथून फाटली की गाडी पुसायला. इथं तीच जर्सी तीस वर्षांनी काचेच्या कपाटात जाते आणि तिच्यावर किमतीचा टॅग लागतो.

दुकानाची सुरुवात कशी झाली ती गोष्ट मजेशीर आहे. २००६ मध्ये मँचेस्टरच्या दोन विद्यार्थ्यांनी, डग बिअर्टन आणि मॅथ्यू डेल, हे सुरू केलं. एका फॅन्सी ड्रेस पार्टीसाठी १९९० च्या वेस्ट जर्मनीचा शर्ट पाहिजे होता आणि खरा शर्ट काही मिळेना, तिथून डोक्यात आलं की अरे, हा तर धंदा होऊ शकतो. एक विकायचा, त्या पैशात पुढचे घ्यायचे, असं करत करत आज मँचेस्टर, लंडन आणि पार अमेरिकेत दुकानं आहेत, २०२४ मध्ये तर अमेरिकन गुंतवणूकदारांनी कोट्यवधी डॉलर घातले त्यात. जुन्या कपड्यांच्या धंद्यात! आपल्याकडं हे सांगितलं तर लोक म्हणतील बोहारणीचा व्यवसाय मोठा झाला, आणि खरं सांगायचं तर तसंच आहे.

तर तो १९९० चा जर्मनीचा शर्ट. मी पहिल्यांदा गेलो तो त्याच्यासाठीच. पांढऱ्या शर्टावर छातीवरून काळा-लाल-सोनेरी पट्टा वरखाली होत जातो तो. त्याच्या आधी जर्मनीचा शर्ट म्हणजे मुख्यतः पांढरा आणि काळा, संपला विषय. हा पट्टा इना फ्रान्झमान नावाच्या आदिदासच्या डिझायनरनं काढला, १९८८ च्या युरो कपला घातला, आणि तोच ठेवून १९९० चा वर्ल्ड कप जिंकला, रोममध्ये, ब्रेमच्या पेनल्टीवर, अर्जेंटिनाला १-० नं हरवून. आणि तीन महिन्यांत वेस्ट जर्मनी नावाचा देशच उरला नाही, ऑक्टोबरमध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. म्हणजे हा शर्ट एका नसलेल्या देशाचा शेवटचा वर्ल्ड कपवाला शर्ट आहे. आता सांगा, पॉलिस्टरचा तुकडा म्हणून त्याची किंमत किती होणार आणि ह्या गोष्टीसकट किती होणार? खऱ्या शर्टाला कित्येक शे पौंड लागतात. मी हातात घेतला, लेबल बघितलं, उलटा करून शिवण बघितली, परत टांगला. घेतला नाही. पण काउंटरवरच्या पोरानं तोंड वाकडं केलं नाही, उलट तोच सांगत बसला की कुठल्या साइझला मागणी आहे आणि का. हा एक मोठा पॉइंट, इथल्या पोरांना माहिती असते.

आता ह्या दुकानात काय चांगलं ते नीट सांगतो. प्रत्येक शर्टाला कंडिशनचा नंबर असतो, दहापैकी आठ, दहापैकी नऊ असा, आणि कुठं धागा निघालाय, कुठं कापडावर गोळे आलेत, प्रिंटला चिरा गेल्यात का, ते लिहिलेलं असतं. वेबसाइटवरही तसंच. जुन्या वस्तू घेताना निम्मी भांडणं ह्याच्यावरूनच होतात, फोटोत चकाचक आणि पार्सल उघडलं की बगलेखाली पिवळं. माझ्या एका मित्रानं कुठल्याशा ऑनलाइन विक्रेत्याकडून "ओरिजिनल १९९४" म्हणून ब्राझीलचा शर्ट मागवला तर आतलं धुण्याचं लेबल मागच्या वर्षी छापल्यासारखं करकरीत. त्यामुळं हातात घेऊन बघता येणं ह्यालाच मी अर्धे मार्क देतो.

आणि बघायचं काय, तर सगळ्यात आधी लेबल. मग कंपनीचा लोगो, कारण लोगो काळाप्रमाणं बदलतात. आदिदासचं तीन पाकळ्यांचं फूल १९९१ च्या सुमाराला शर्टांवरून गेलं आणि वेगळा लोगो आला, त्यामुळं १९९४ च्या वर्ल्ड कपचा शर्ट म्हणून कुणी फुलवाला दाखवला तर नमस्कार करून निघायचं. (हल्ली कंपनी स्वतःच फूलवाले नवे शर्ट काढते, ते वेगळं.) मग कापड. नव्वदच्या दशकातल्या अंब्रोच्या शर्टांना कापडातच विणलेली नक्षी असते, उजेडात तिरकं धरलं की दिसते, नकली मालात ती नक्षी वरून छापलेली असते नायतर नसतेच. अलीकडच्या शर्टांना आत छोट्या टॅगवर प्रॉडक्ट कोड असतो, तो मोबाइलवर टाकून बघायचा, दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रॅकपँटचा कोड निघाला की समजून जायचं.

साइझचं पण एक आहे. नव्वदचे शर्ट ढगळे असायचे. तेव्हाचा लार्ज म्हणजे आत्ताचा माझ्यासारखा पोट सुटलेला माणूसही आरामात मावतो. सत्तर-ऐंशीचे मात्र उलटे, चिकटून बसणारे, बाह्या आखूड. ट्रायल घेतल्याशिवाय घेऊ नका.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. दुकान तुम्हाला कापडाबद्दल सगळं सांगतं, पण पैसे तुम्ही मोजता ते कापडामागच्या गोष्टीचे, आणि ती गोष्ट माहिती नसेल तर तुम्ही नुसता महागडा टी-शर्ट घेऊन घरी येता. म्हणून चार गोष्टी सांगतो, दुकानात गेलात की त्या रॅककडं बघायची नजर बदलेल.

सगळ्यात मोठी गोष्ट १९८६ ची, मेक्सिको, मॅराडोना. इंग्लंडविरुद्धच्या क्वार्टर फायनलला अर्जेंटिनाला निळे शर्ट घालावे लागणार होते आणि त्यांचे निळे शर्ट होते जाड सुती, भर दुपारी अझ्टेका स्टेडियमवर त्या उंचीवर आणि त्या उन्हात घामानं भिजून जड होणारे. कोच बिलार्डोला हलके पाहिजे होते. मग काय, स्टाफची माणसं मेक्सिको सिटीच्या दुकानांत शर्ट शोधत फिरली, ल कॉक स्पोर्टिफ कंपनीचेच दोन प्रकारचे निळे शर्ट आणले, मॅराडोनानं बोट ठेवलं की हा, ह्यात आपण जिंकू. घाईघाईत बिल्ले शिवले, पाठीवर चकाकणारे चंदेरी नंबर इस्त्रीनं चिकटवले, ते नंबरही अमेरिकन फुटबॉलचे. २२ जूनला त्या शर्टात एक गोल हातानं आणि एक गोल पाच-सहा माणसांना चकवून. मॅच संपल्यावर स्टीव्ह हॉज नावाच्या इंग्लंडच्या खेळाडूनं मॅराडोनाबरोबर शर्ट बदलला, हा तोच हॉज ज्याच्या पायाला लागून बॉल वर उडाला आणि हातवाला गोल झाला! त्यानं तो शर्ट सांभाळला, नंतर वीसेक वर्षं नॅशनल फुटबॉल म्युझियमला बघायला दिला, आणि मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात तो ७१ लाख पौंडांना गेला. लिलावाच्या आधी मॅराडोनाच्या घरच्यांनी हरकत घेतली की हा पहिल्या हाफचा शर्ट आहे, गोल झाले ते दुसऱ्या हाफमध्ये, पण जुन्या फोटोंशी बिल्ल्याची शिवण आणि नंबरच्या रेघा एकेक करून जुळवून बघितलेल्या होत्या, त्यामुळं तो पास झाला.

म्हणजे बघा, ७१ लाख पौंडांचा शर्ट हा मुळात दुकानातून ऐनवेळी उचललेला शर्ट आहे. तसाच दुसरा कुणी पुढच्या दिवशी त्याच दुकानातून घेतला असेल तर त्याची किंमत काय? सगळा फरक कुणाच्या अंगावर होता आणि ते सिद्ध करता येतं का ह्याचा. म्हणून ह्या दुकानात "मॅच वॉर्न" आणि "मॅच इश्यू" असे शब्द दिसले की थांबा आणि नीट वाचा. वॉर्न म्हणजे खेळाडूनं मैदानात घातलेला. इश्यू म्हणजे खेळाडूसाठी तयार केलेला, पण घातला की बाकावरच्या पिशवीत राहिला ते माहिती नाही. आणि बाकी सगळे रेप्लिका, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी बनवलेले. दुकान हे वेगवेगळं लिहितं, हे त्यांचं चांगलं. बाहेर बरेच जण इश्यूला वॉर्न म्हणून खपवतात.

रेप्लिकाचा धंदाही काही फार जुना नाही. सत्तरच्या दशकात लेस्टरच्या अॅडमिरल कंपनीनं आधी लीड्स युनायटेडचा आणि मग १९७४ पासून इंग्लंडचा किट केला, त्यावर आपला लोगो आणि वेगळी डिझाइन टाकली आणि पोरांना विकायला काढला, तिथून हे वेड सुरू. त्याच्या आधी इंग्लंडचा शर्ट म्हणजे साधा पांढरा, आईनं बाजारातून पांढरा बनियन आणला तरी चालून जायचं.

आता कोण तुम्हाला १९२० च्या आसपासचा म्हणून पाठीवर ९ नंबर असलेला शर्ट दाखवायला लागला तर हसू आवरा. इंग्लिश लीगमध्ये पाठीवर नंबर पहिल्यांदा दिसले ते २५ ऑगस्ट १९२८ ला, आर्सेनल-शेफील्ड वेन्सडे आणि चेल्सी-स्वॉन्सी अशा दोन वेगवेगळ्या मॅचमध्ये, आणि सक्तीचे झाले ते १९३९ ला. मधे १९३३ च्या एफए कप फायनलला तर एव्हर्टननं १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीनं १२ ते २२ घातले होते. मला हे असलं लई आवडतं.

स्पॉन्सरचं तर विचारूच नका. जानेवारी १९७६ मध्ये केटरिंग टाउन नावाच्या छोट्या क्लबनं शर्टावर "केटरिंग टायर्स" लिहिलं. एफएनं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, सांगितलं काढा. ह्यांनी "टायर्स" मधला फक्त टी ठेवला आणि म्हणाले आता तो टाउनचा टी आहे! भारीच डोकं. दंडाची धमकी आली तेव्हा तो टी पण गेला, पण पुढच्याच वर्षी एफएनं परवानगी दिली, १९७९ ला लिव्हरपूलच्या छातीवर हिताची आलं. त्यातही टीव्हीवर मॅच असेल तर १९८३ पर्यंत स्पॉन्सर चालत नव्हता, त्यामुळं एकाच सीझनचा एक शर्ट नावासकट आणि एक कोरा, आणि जमवणाऱ्याला दोन्ही पाहिजेत. इथं पाकीट रिकामं होतं.

वाईट शर्टांनाही भाव असतो, हे तर अजून मजेशीर. मँचेस्टर युनायटेडचा १९९५-९६ चा करडा शर्ट. १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनकडं हाफटाइमला ३-० नं मागं होते, त्यांचा मॅनेजर फर्ग्युसननं ड्रेसिंग रूममध्ये शर्टच बदलायला लावले, निळे-पांढरे घालून बाहेर आले आणि शेवटी ३-१ नं हरले. कारण काय तर म्हणे गर्दीच्या पार्श्वभूमीवर आपली माणसं दिसत नव्हती. त्या करड्या शर्टात युनायटेड एकही मॅच जिंकली नाही. तरी लोक शोधत फिरतात, किंबहुना म्हणूनच फिरतात.

आणि इटलीच्या फिओरेंटिना क्लबचा १९९२-९३ चा पांढरा अवे शर्ट. खांद्यावर जांभळी भौमितिक नक्षी होती, लोट्टो कंपनीची, आणि कुणाच्यातरी लक्षात आलं की रेघा एकमेकींत घुसून नाझींचं चिन्ह तयार होतंय. काही महिन्यांत मागं घेतला. आपल्याकडं दारावर, वहीवर, नव्या गाडीवर स्वस्तिक काढतात तेव्हा आपल्याला पटकन कळत नाही की एवढा गहजब कशाला, पण युरोपात त्या आकाराबरोबर काय काय आठवतं ते इथं राहिलं की कळतं. असा शर्ट मिळाला तरी मी घेणार नाही, आणि घेतला तर घालून बाहेर नक्कीच जाणार नाही.

बरं, मी घेतलं काय? इटलीच्या नेपोली क्लबचा एक, तोही मॅराडोनाच्या काळातला नाही, त्याच्यानंतरचा. मॅराडोनाचे, छातीवर बुइटोनी आणि मार्स ह्या स्पॉन्सरांची नावं असलेले नेपोलीचे शर्ट आवाक्याबाहेर आहेत, अगदी स्पष्ट सांगतो. एखाद्या मधल्या फळीतल्या इंग्लिश क्लबचा नव्वदचा शर्ट अजूनही परवडतो, आणि डिझाइन बघाल तर तेच जास्त भन्नाट असतात. हॉलंडचा १९८८ चा, व्हॅन बास्टनवाला, त्याचं तर नुसतं दर्शन घ्या.

किमतीबद्दल माझी तक्रार अशी की गोष्टीची किंमत आता सगळ्यांना कळलीय. दहा-पंधरा वर्षांपूर्वी चॅरिटी शॉपमध्ये पाच पौंडाला पडलेला शर्ट आज फॅशन झालाय, ज्यांना ऑफसाइड कळत नाही ते जीन्सवर घालून फोटो काढतात. त्यांचं ते स्वातंत्र्य आहे, पण त्यामुळं भाव चढले ते चढले. दुकानाची ह्यात चूक म्हणता येत नाही, तरी एक स्टार मी कापणारच.

कमी पैशात इतिहास पाहिजे असेल तर शर्ट सोडा आणि कागद बघा. जुने मॅच प्रोग्रॅम, म्हणजे मॅचच्या दिवशी विकतात ती छोटी पुस्तिका. इथल्या बऱ्याच स्टेडियमच्या बाहेर मॅचच्या दिवशी जुन्या प्रोग्रॅमचा स्टॉल असतो, साठ-सत्तरच्या दशकातले साध्या लीग मॅचचे एक-दोन पौंडात मिळून जातात. टीमची नावं, जाहिराती, सिगारेट, बिअर, स्थानिक सायकलवाला, सगळं त्यात आहे. कधी कुणीतरी पेन्सिलीनं आतमध्ये बदली खेळाडू आणि स्कोअर लिहिलेला असतो. पक्के कलेक्टर म्हणतात त्यानं किंमत उतरते. मला तेच पाहिजे असतं, कारण तो माणूस तिथं होता ह्याचा तेवढाच पुरावा. फार जुन्याला मात्र हात लावू नका, १८८२ च्या एफए कप फायनलचा, ओल्ड इटोनियन्स विरुद्ध ब्लॅकबर्न रोव्हर्सचा प्रोग्रॅम २०१३ मध्ये ३५,२५० पौंडांना गेला होता. आणि १९६६ च्या वर्ल्ड कप फायनलच्या प्रोग्रॅमचे रीप्रिंट बाजारात भरपूर आहेत, विकणारा स्वतःहून सांगेलच असं नाही.

मँचेस्टरला जाणं झालंच तर नॅशनल फुटबॉल म्युझियम बघा, पूर्वी प्रेस्टनला होतं, २०१२ पासून मँचेस्टरच्या अर्बिस बिल्डिंगमध्ये आहे. १९६६ च्या फायनलचा बॉल त्यांच्याकडं आहे, जो मॅच संपल्यावर जर्मनीचा खेळाडू हॅलर घरी घेऊन गेला आणि तीस वर्षांनी परत आला. दुकान आणि म्युझियम दोन्ही केलंत तर दोन्हीचा अर्थ जास्त लागतो.

घरी आणल्यावर सांभाळायचं कसं हे कुणी विचारत नाही, पण आपल्या हवेत तोच मोठा प्रश्न. गार पाण्यात उलटा करून हातानं धुवा, ड्रायर नको, प्रिंटवर इस्त्री तर अजिबात नको. पावसाळ्यात कोकण-कोल्हापूरकडं कपाटात बुरशी येते, तेव्हा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंबून ठेवू नका, सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातनं एकदा सावलीत हवा द्या. फ्रेम करणार असाल तर उन्हाच्या भिंतीवर नको, रंग उडतो.

जाता जाता एक आपलं. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला होता. भारत पहिल्यांदाच फिफाच्या कुठल्यातरी वर्ल्ड कपला उतरला होता तो. त्या स्पर्धेतली मॅच वॉर्न जर्सी कुठल्या दुकानात आली, लंडन असो नायतर महाद्वार रोड, तर रांगेत मी पहिला. आणि पेठांतल्या मंडळांनी जुने शर्ट, ट्रॉफ्या, फोटो एका खोलीत नीट नावं-वर्षं लिहून मांडले तर तिकीट काढून बघायला मी तयार आहे, कुणी मंडळवाला वाचत असेल तर बघा.

बाकी दुकानाला जायचं तर रविवारी टाळा, ब्रिक लेन आणि स्पिटलफील्ड्सच्या बाजाराची गर्दी असते, ट्रायल रूमला थांबावं लागेल. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा, साइझ आणि सीझन आधी ठरवून जा, बजेट मोबाइलवर लिहून ठेवा. पोरांना घेऊन जाताय तर त्यांना आधीच सांगा की आज फक्त बघायचंय.